ओट्याजवळचं स्टूल

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिज आणि ओटा यांच्यामध्ये एक निळं प्लास्टिकचं स्टूल आहे. लालबागची आमची चाळ पडली, तिथे टॉवर उभा राहिला, एका खोलीतून आम्ही वन-बीएचकेत आलो. पलंग नवा आला, टीव्ही भिंतीवर चढला, स्टूल मात्र तेच राहिलं. संध्याकाळी ऑफिसातून आलं की हातपाय धुवायचे, चहाचा कप घ्यायचा आणि त्या स्टुलावर बसून बायकोला दिवसभराचं ऑफिस सांगायचं, हा माझा लग्नापासूनचा नेम. ती माझ्याकडे पाठ करून चपात्या लाटत असते. मधूनमधून म्हणते, "मग?" हा "मग?" खरोखरच्या उत्सुकतेतून येतो की लाटण्याच्या तालात आपोआप पडतो, हे मी कधी विचारलेलं नाही. चांगली चाललेली गोष्ट विचारून बंद कशाला पाडा.

ऑफिस म्हणजे गिरगावातलं वजनकाट्यांचं. खाली दुकान, वर पोटमाळ्यावर आम्ही. भाजीवाल्याच्या काट्यापासून गोदामात पोती ठेवायच्या काट्यापर्यंत सगळं विकतो, दुरुस्त करतो, तपासून देतो. माणसं चारच. एक मालक. ते जागेवरून उठले की पंखा बंद करतात, मग त्या पंख्याखाली आम्ही तिघं बसलेलो असलो तरी. दुसऱ्या अकाउंटच्या बाई. त्या दादरहून येतात आणि "जेवलात का?" विचारलं तरी उत्तराआधी त्यांचा हात कॅलक्युलेटरकडे जातो. तिसरा दुरुस्तीवाला. तो मूळचा सावंतवाडीकडचा, गिऱ्हाईक मद्रासी असो की मारवाडी, त्याच्याशी मालवणीतच बोलतो, आणि गंमत म्हणजे त्यांना ते कळतं. चौथा मी. काटा दुकानाबाहेर पडायच्या आधी तो बरोबर वजन दाखवतो की नाही, हे बघणं माझं काम.

या तिघांशी बायको आयुष्यात दोन-तीनदाच धड बोलली असेल. पण तिला सगळं ठाऊक. "आज मालकांनी परत पंखा घालवला?" असं ती मी सांगायच्या आधीच विचारते. आणि माझ्या प्रत्येक गोष्टीत शेवटी मी काहीतरी नेमकं बोलतो आणि समोरचा गप्प होतो. "मी सरळ मालकांना म्हटलं, पंख्याचं बटण तुमच्याकडे, पण घाम आमच्याकडे आहे." असं. एकदा एका कोळीणबाईंना मी काट्याबद्दल असं समजावून सांगितलं होतं, की त्यांनी खूश होऊन मला एक अख्खी सुरमई भेट दिली. ती सुरमई मी घरी आणली, सगळ्यांनी खाल्ली. पुरावाच म्हणायचा.

आमची मुलगी या गोष्टींवरच वाढली. ओट्याखाली बसून गृहपाठ करायची आणि मधेच मान वर करून विचारायची, "मग बाबा, ते काका काय म्हणाले?" आता ती पंचविशीची आहे. कॉम्प्युटरवरची नोकरी करते. कंपनी बंगळुरूची. सगळं जग घरात बसलेलं होतं त्या दिवसांत ती नोकरीला लागली. मुलाखत लॅपटॉपवर झाली, पहिला दिवस लॅपटॉपवर झाला, लॅपटॉप कुरिअरने आला. तेव्हापासून ती आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर नोकरी करते. पगार माझ्यापेक्षा बरा. पण संध्याकाळी मी स्टुलावर बसून चहा पीत तिला विचारायचो, "आज काय झालं?" तर उत्तर ठरलेलं. "काही नाही. मीटिंग्ज होत्या."

मग आम्ही जेवायला बसायचो आणि ती टीव्हीवर आपली ती मालिका लावायची.

परदेशातली मालिका. कुठल्याशा लहान गावातलं पाणीपट्टीचं ऑफिस. त्या ऑफिसवर माहितीपट काढायला कुणीतरी कॅमेरा घेऊन आलंय, असं त्यात गृहीत धरलेलं. म्हणजे सगळं खोटंच, पण खऱ्यासारखं. पहिल्यांदा ती बघितली तेव्हा मी वैतागलो.

"अगं, दिवसभर मी हेच बघून येतो. फायली, चहा, साहेबाचं डोकं. आता भाताबरोबरही तेच?"

"बाबा, पाच मिनिटं बघ. नाही आवडलं तर तुझ्या बातम्या लाव."

पाच मिनिटांत काहीच घडलं नाही. पुढच्या पाच मिनिटांतही नाही. साहेब आला, त्याने एक भाषण केलं, कुणी ऐकलं नाही, एका बाईचं स्टेपलर हरवलं. आपल्याकडच्या मालिकेत स्टेपलर हरवलं असतं तर तीन वेळा सगळ्यांचे चेहरे दाखवले असते, वर वीज कडाडली असती, आणि स्टेपलर सासूने लपवलंय हे कळायला दिवाळी उजाडली असती. इथे काहीच नाही. साहेब काहीतरी अचाट बोलतो, खोलीत शांतता पसरते, आणि कोपऱ्यातला एखादा कारकून हळूच मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतो. म्हणजे आपल्याकडे. "बघितलंत ना?" असं न बोलता विचारतो. बस, एवढंच. आणि मला भात घशात अडकेल इतकं हसू आलं.

त्यानंतर मी बातम्या लावल्या नाहीत. त्या मालिकेत मधूनमधून एकेक माणूस वेगळ्या खोलीत खुर्चीवर येऊन बसतो आणि ऑफिसात जे बोलता आलं नाही ते कॅमेऱ्याला सांगतो. मला ते फार आवडायचं. बायको म्हणाली, "त्यात नवीन काय आहे? तुम्ही स्टुलावर बसून हेच तर करता."

"पण तिथे कॅमेरा आहे."

"इथे मी आहे. कॅमेऱ्याला निदान चपात्या तरी लाटाव्या लागत नाहीत."

मला आपला त्या कोपऱ्यातल्या कारकुनाचा फार अभिमान वाटायचा. खुळ्यांच्या बाजारात एकटा शहाणा. मी मनात म्हणायचो, हा म्हणजे मीच.

आता मुद्द्यावर येतो. ही पोरगी ती मालिका एकदा बघून थांबत नसे. शेवटचा भाग झाला की पुन्हा पहिला. संवाद पाठ झाले तिचे. एका रविवारी ती भेंडी चिरत होती, तेव्हा मी सहज विचारलं, "तेच तेच काय बघतेस गं? पुढे काय होणार ते माहीतच असतं की."

ती म्हणाली, "म्हणूनच. त्या ऑफिसात कोण कुठे बसतं मला माहितीय बाबा. कुणाच्या टेबलावर काय आहे तेही. माझ्या टीममधलं कोण किती उंच आहे, हे पण मला माहीत नाही. सगळे इथपर्यंतच दिसतात." आणि भेंडीचा हात छातीपाशी नेऊन दाखवला. मग पुन्हा चिरायला लागली, जसं काही विशेष बोललीच नाही.

मी उठून गॅलरीत गेलो. माझ्या पोरीला ऑफिस मिळालंच नव्हतं. ती टीव्हीवरच्या ऑफिसात जात होती, रोज, जेवताना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या कंपनीने लोअर परळला जागा घेतली. आमच्या घरापासून बसने जवळच. मुंबईतल्या सगळ्यांना विचारलं, तुम्ही ऑफिसला येणार की घरूनच काम करणार? दसऱ्यानंतर काय ते कळवा, एकदा कळवलं की तेच कायम. आम्हाला वाटलं, पोरगी उड्या मारेल. तिने शांतपणे आईला सांगितलं, "मी घरून करते म्हणून कळवतेय."

"का गं?"

"मला जमणार नाही आई. इथे काही चुकलं तर आवाज बंद करता येतो, व्हिडिओ बंद करता येतो. तिथे सगळ्यांसमोर काही येड्यासारखं बोलून गेले, तर तोंड कुठे लपवू? ऑफिसात कसं वागतात तेच मला माहीत नाही. टीव्हीत बघणं वेगळं."

रात्रभर बायको कूस बदलत होती. सकाळी चहा देताना म्हणाली, "अहो, ही आयुष्यभर त्या इस्त्रीच्या टेबलाशी बसणार का?" मी म्हटलं, "तिची नोकरी, तिला ठरवू दे." मनात माझ्याही तेच होतं, पण घरात एकाने तरी धीराचं दिसायला हवं, आणि काळजी करण्यात तिचा नंबर आधी लागला होता.

आमच्या ऑफिसात खंडेनवमीला काट्यांची पूजा असते. सगळे काटे पुसून ओळीने मांडायचे, त्यांना झेंडूच्या माळा. दुरुस्तीवाल्याचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंगची कांडी सगळं पाटावर. बाईंचा कॅलक्युलेटरसुद्धा. प्रसादाचा शिरा दर वर्षी आमच्या घरून जातो. मी सकाळी लवकर जाऊन मांडणी करतो आणि आरतीच्या सुमाराला बायको डबा घेऊन येत असे, दारातूनच देऊन परत जात असे. त्या दिवशी सकाळी तिने गुडघा धरला.

"मला जिना चढवत नाही. हिला पाठवते डबा घेऊन."

"कशाला? मीच नेतो आत्ताच."

"गार होईल. येऊ दे तिला. ऑफिस कसं असतं ते तरी बघेल." आणि शिऱ्याची जड कढई त्याच गुडघ्यावर भार देऊन आरामात उचलून ओट्यावर ठेवली. गुडघा बरा होता. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी दुसऱ्याच काळजीत होतो.

काळजी अशी, की इतकी वर्षं मी स्टुलावर बसून जे ऑफिस घरी दाखवलं, ते जरा कापून-जोडून दाखवलेलं होतं. सगळेच करतात. पण आता पोरगी तिथे प्रत्यक्ष येणार. लहानपणी यायची ती, सगळ्यांची पोरं यायची. पूजा झाली की मोठ्या काट्यावर एकेका पोराला उभं करायचं आणि वजन ओरडून सांगायचं, अशी आमच्याकडची पद्धत. सहावीत गेल्यावर तिने काट्यावर उभं राहायला नकार दिला आणि मग येणंच बंद झालं. तेव्हाच्या तिला काय आठवणार? आता मात्र ती बघणार.

मी ठरवलं, आज आपणही काही दाखवण्यासारखं करायचं.

आमच्या ऑफिसात एक लाकडी पेटी आहे, आतून मखमल लावलेली. तिच्यात मूळ वजनं असतात, म्हणजे ज्यांच्यावरून बाकीचे सगळे काटे तपासायचे ती. त्यांना उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, घामाचा अंश राहिला तरी वजनात फरक पडतो. पांढरे हातमोजे घालूनच उचलायची. ती पेटी माझ्या ताब्यात. दर खंडेनवमीला मी पूजेआधी सगळ्यांना बजावतो, की पेटीची पूजा करायची ती बंद पेटीची. हळद-कुंकू झाकणाला. आतल्या वजनांना काही म्हणजे काही लागता कामा नये. हे माझं भाषण सगळे कान देऊन ऐकतात, असं घरी सांगितलेलं होतं.

पोरगी वेळेवर आली. डबा घेऊन जिना चढली आणि दारातच थबकली. पोटमाळ्याकडे, माळा घातलेल्या काट्यांकडे, खिडकीतल्या मालकांच्या टेबलाकडे, सगळीकडे एकेक करून बघत राहिली. "बाबा, बाईंची खुर्ची खरंच पंख्याखाली आहे," ती हळूच म्हणाली. बाईंनी तिला जवळ घेतलं. "केवढी झालीस! आरती झाली की काट्यावर उभं राहायचंय हं."

"आधी तुम्ही, बाई."

"बघा, बापाची पोर नाही ही. पटकन उत्तर सुचतं हिला."

मला ते जरा लागलं, पण मी पेटी पुढ्यात घेतली. यंदा पोरीला दिसावीत म्हणून मी झाकण उघडलं. हातमोजे चढवले. आणि भाषण सुरू केलं. मखमलीवर ती वजनं अशी चमकत होती, माझा आवाजही चांगला लागला होता. मालक कुंकवाची तबकडी घेऊन शेजारी उभे होते आणि एकेकापुढे ती धरत होते. मी बोलतच होतो, "घामाचा थेंब दूर राहिला, नुसता बोटाचा ठसा उठला तरी वजन खोटं बोलायला लागतं..." तबकडी माझ्यापुढे आली. दर वर्षी ओळीने काट्यांना बोटं लावून लावून हाताला सवय झालेली. मी हातमोज्याचं बोट कुंकवात बुडवलं आणि पाच किलोच्या मूळ वजनावर मधोमध गोल टिळा लावला. मग हळद. मग चिमूटभर अक्षता. वर एक झेंडू. मग नमस्कार केला. आणि म्हटलं, "म्हणून मी ह्याला कुणालाही हात लावू देत नाही."

आता कुणीतरी हसावं, ओरडावं, निदान "अहो" तरी म्हणावं. नाही. दुरुस्तीवाल्याने अगदी सावकाश मान वळवली आणि माझ्या मुलीकडे बघितलं. मग बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग मालकांनी, तबकडी तशीच धरून. तिघांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. नुसते बघत होते तिच्याकडे. माझ्या मागे कुणी येऊन उभं राहिलंय की काय, म्हणून मी वळूनसुद्धा पाहिलं. मागे भिंत होती.

आणि मग मला ते बघणं ओळखू आलं. रोज रात्री भाताबरोबर बघत होतो ते. कोपऱ्यातला कारकून, बाई, सगळे एकेक करून वळून बघतात ते. फक्त ते ज्याच्यामुळे बघतात, तो साहेब मी होतो.

दुरुस्तीवाला शेवटी म्हणाला, "गो चेडवा, तुझो बापूस घराक पण असोच?"

तेव्हा ती फुटली. इतकं हसली, की शिऱ्याचा डबा खाली ठेवावा लागला. "घरी?" ती म्हणाली, "घरी बाबा सांगतो, की तुम्ही सगळे गोंधळ घालता आणि हा एकटा निस्तरतो."

"असं सांगतात होय?" बाईंनी पदर खोचला. "बस इकडे. मालक, आरती जरा थांबवा."

आणि मालकांनी थांबवली, हो! पुढचा अर्धा तास माझ्या सगळ्या गोष्टी मूळ स्वरूपात सादर झाल्या. घाम आणि पंख्याचं ते वाक्य मी बोललो होतो हे खरं, पण मालक जिना उतरून गेल्यावर. मग पंखा लावला, आणि त्यांची चप्पल पुन्हा जिन्यावर वाजली तशी माझ्याच हाताने बंद केला. मालक म्हणाले, "मला खालून ऐकू आलं होतं. चांगलं वाक्य होतं." कोळीणबाईंची गोष्ट दुरुस्तीवाल्याने सांगितली, अभिनयासहित. मी तिला अर्धा तास समजावत होतो, की तुझा काटा अचूक आहे. ती ऐकत होती. मग तिने टोपलीतली सुरमई त्या काट्यावर ठेवली, म्हणाली, "अचूक आहे ना दादा? मग घ्या," आणि मला विकून निघून गेली. पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "ती भेट मिळालेली सुरमई?" मी झेंडूच्या माळा सारख्या करत होतो.

त्यातच मग आरती झाली. मालक नेहमीसारखे दुसऱ्याच चालीत गायले. शिरा सगळ्यांना आवडला. दुरुस्तीवाल्याने डबा काट्यावर ठेवून किती उरलाय ते जाहीर केलं. आणि ती काट्यावर उभी राहिली. स्वतःहून. वजन मात्र बाईंनी कुणाला ओरडू दिलं नाही.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. लॅमिंग्टन रोडपर्यंत ती रिकामा डबा मांडीवर फिरवत बसली. मग म्हणाली, "बाबा, ते रोज हसतात तुला?"

"रोज नाही. मालक बाहेर गेले की जरा जास्त."

"आणि तुला काही वाटत नाही?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मी म्हटलं, "वाटतं ना. माझी शुगर वाढल्यापासून बाई चहावाल्याला माझ्या कपात साखर घालू देत नाहीत. मला न विचारता. तेही वाटतं. आणि दुरुस्तीवाला मला चिडवतो, पण मी दोन दिवस आलो नाही तर संध्याकाळी फोन त्याचाच येतो. मेलंस काय, विचारायला."

"पण आज एवढं सगळं झालं. आणि उद्या परत जाणार?"

"उद्या दसरा, सुट्टी आहे. परवा जाणार."

ती हसली. मग बराच वेळ बसच्या दांड्यावर बोटाने ताल धरत बसली. लालबागला उतरताना म्हणाली, "त्या वजनाचं काय करणार आता?"

"स्पिरिटने पुसणार आणि परत तपासायला पाठवणार. आणि हे मला जन्मभर ऐकावं लागणार."

ऐकावं लागतंच आहे. काटा कुठलाही बिघडून आला, की दुरुस्तीवाला मला हाक मारतो, "कुंकू लावूक येवा हो!"

घरी आल्यावर पोरीने आईला सगळं सांगितलं. सुरमईसकट. मी स्टुलावर न बसता दारातच उभा होतो. बायको म्हणाली, "अगं, मला माहीतच होतं. खूश होऊन कुणी अख्खी सुरमई देतं होय?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"सांगता छान. आणि सुरमई ताजी होती."

दसरा झाला. आपट्याची पानं देऊन झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीत लॅपटॉपच्या बटणांचा आवाज आला आणि पोरगी बाहेर येऊन म्हणाली, "कळवलं. ऑफिसला येते म्हणून." बायकोने माझ्याकडे बघितलं आणि गुडघ्यावरून हात फिरवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दिवाळीनंतर तिचा पहिला दिवस होता. मी त्या दिवशी ऑफिसात दोन काटे चुकीचे तपासले. बाईंनी दोनदा विचारलं, "फोन आला का तिचा?" आला नव्हता. संध्याकाळी घरी आलो, हातपाय धुतले, चहा घेतला, सवयीने स्टुलावर बसलो. बायको लाटत होती. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. कान लिफ्टकडे.

दार वाजलं. ती आली, बॅग खाली टाकली, चपला काढल्या न काढल्या तशी स्वयंपाकघरात आली.

"बाबा, ऊठ."

मी उठलो. ती स्टुलावर बसली, माझ्याच कपातला चहा घेतला. मी फ्रिजला टेकून उभा राहिलो.

"आई, ऐक. काचेची एवढी मोठी खोली. मधे टेबल, भोवती आम्ही आठ जण. सगळे खरे, पायांसकट. एकेकाला बोलायचं होतं. माझा नंबर आला. सकाळपासून पाठ केलं होतं सगळं. मी घसा खाकरला, सगळ्यांकडे बघितलं, आणि म्हटलं..." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्हटलं, माझा आवाज येतोय ना सगळ्यांना?"

बायकोचं लाटणं थांबलं. "मग?" ती म्हणाली, आणि वळली. माझ्या इतक्या वर्षांत ती माझ्याकडे "मग?" म्हणून वळलेली मला आठवत नाही.

"मग काय! सगळे गप्प. मला वाटलं, संपलं. आता आवाज बंद करायचं बटण कुठेय? आणि माझ्या शेजारी जो बसला होता ना, हातभर अंतरावर, तो म्हणाला, येतोय, पण मधे मधे तुटतोय, जरा खिडकीपाशी जाऊन बघ. आई, सगळी खोली हसली! मीपण. नंतर जेवताना सगळे मला येऊन विचारत होते, हॅलो, ऐकू येतंय का? आणि तो शेजारचा उभा राहिला तर केवढा उंच आहे! तीन वर्षं मी त्याला बुटका समजत होते."

ती सांगत होती. कोण कुठे बसतं, कुणाच्या टेबलावर काय आहे, एसी कुणाच्या डोक्यावर येतो आणि तो कोण बंद करतं. आणि मी एक गोष्ट ध्यानात ठेवली, की तिच्या गोष्टीत शेवटी नेमकं बोलून बाजी मारणारा दुसराच कुणीतरी होता, फजिती तिची होती, आणि तरी गोष्ट माझ्यापेक्षा रंगली होती.

"आणि मग?" बायको म्हणाली.

तेवढ्यात जळका वास आला. तव्यावरची चपाती एका बाजूने काळी झाली होती. माझ्या सगळ्या गोष्टींत मिळून एकही कधी करपली नव्हती.

ती मी खाल्ली. त्या रात्री टीव्ही लावायचं कुणाला सुचलंच नाही.